कर्ण काढायचा कसा आणि कोपरा गुण्यात आहे हे ओळखायचे कसे

पायाची आखणी करताना चार खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चारही बाजू नकाशाप्रमाणे मोजून घेतल्या, तरी आखणी पुरी झाली असे समजू नये. चारही बाजू अचूक असूनही चौकट तिरकी असू शकते. ती गुण्यात आहे की नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात आहेत की नाही, हे कळायला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी मोजावी लागते. शाळेत हिला कर्ण म्हणतात, साइटवर मिस्त्री तिरका किंवा डायगोनल म्हणतात. हे माप आधी हिशोबाने काढायचे आणि मग टेपने ताडून पाहायचे. सूत्र शाळेतलेच आहे. लोक अडतात ते फूट-इंचांत, वर्गमुळात आणि टेप धरण्यात, म्हणून इथे जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

सूत्र आणि ते का चालते

लांबीचा वर्ग, रुंदीचा वर्ग, दोन्हींची बेरीज आणि त्या बेरजेचे वर्गमूळ. ३० × ४० फुटांच्या प्लॉटसाठी ३० × ३० = ९००, ४० × ४० = १६००, बेरीज २५००, वर्गमूळ ५०. म्हणजे कर्ण बरोबर ५० फूट.

हे का चालते ते कागद कापून पाहता येते. ३ आणि ४ सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कापा. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ३ × ४ ÷ २ = ६. आता ते असे मांडा की प्रत्येकाची तिरकी बाजू बाहेर राहील आणि एकाची आखूड बाजू शेजारच्याच्या लांब बाजूवर टेकेल. बाहेरून एक चौरस तयार होतो, त्याची बाजू म्हणजेच आपला कर्ण. मध्ये एक छोटी चौरस जागा रिकामी राहते, तिची बाजू ४ वजा ३, म्हणजे १. चार त्रिकोणांचे २४ आणि मधला १, एकूण २५. ज्या चौरसाचे क्षेत्रफळ २५, त्याची बाजू ५. कोणतेही आकडे घेतले तरी त्रिकोण आणि मधली जागा मिळून दोन बाजूंच्या वर्गांची बेरीजच होते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त ही मांडणी आहे. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण गावात सापडला.

उत्तर आले की लगेच एक पडताळा घ्यावा. कर्ण मोठ्या बाजूपेक्षा नेहमी मोठा असतो आणि मोठ्या बाजूच्या १.४१४ पटीपेक्षा कधीच जास्त नसतो. ४० फूट लांबीच्या आयताचा कर्ण ४० ते साडेछपन्न फुटांच्या बाहेर गेला, तर कुठेतरी बेरीज किंवा वर्ग चुकला आहे. दोन्ही बाजूंची नुसती बेरीज करून वर्गमूळ घेणे, किंवा वर्ग करायच्या ऐवजी दुप्पट करणे, या चुका एवढ्यानेच पकडल्या जातात.

फूट-इंचांचा घोटाळा

साइटवर सर्वात जास्त नुकसान या एका गोष्टीने होते. १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ फूट नव्हे, १२.५ फूट. फुटात १२ इंच असल्यामुळे इंचांना १२ ने भागूनच दशांश मिळतात: ३ इंच म्हणजे ०.२५, ४ इंच म्हणजे ०.३३३, ९ इंच म्हणजे ०.७५. १० फूट × १२ फूट ६ इंचांची खोली घ्या. बरोबर हिशोब १०० + १५६.२५ = २५६.२५, वर्गमूळ १६.००८, म्हणजे १६ फुटांवर एक सूतही नाही. (१ इंचाची ८ सुते.) कुणी १२.६ धरले तर उत्तर १६.०८६ येते, म्हणजे १६ फूट १ इंच. एवढ्याशा खोलीत एक इंच.

उलट दिशेनेही हेच घडते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने ३८.३ दाखवले की टेपवर ३८ फूट ३ इंच शोधले जातात. दशांशाचा भाग १२ ने गुणून इंच करावेत आणि इंचांचा उरलेला दशांश ८ ने गुणून सूत करावेत.

हे सगळे टाळायचे असेल तर पहिल्यापासून इंचांतच हिशोब करा. २२ फूट ६ इंच × ३१ फूट ही सेंटर लाइनची (भिंतींच्या मध्यरेषांची) चौकट आहे असे समजू. २२ फूट ६ इंच म्हणजे २७० इंच, ३१ फूट म्हणजे ३७२ इंच. २७० चा वर्ग ७२,९०० आणि ३७२ चा वर्ग १,३८,३८४. बेरीज २,११,२८४, वर्गमूळ ४५९.६६ इंच. १२ ने भागले की ३८ फूट आणि ३.६६ इंच, म्हणजे ३८ फूट ३ इंच ५ सूत. आकडे मोठे होतात, पण दशांश चुकायची भीती राहत नाही. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल तर आणखी बरे: तेच आकडे तसेच वापरा आणि टेपही मेट्रिक बाजूनेच वाचा. एक बाजू फुटांत आणि दुसरी मीटरमध्ये असा हिशोब कधीही करू नये.

कॅल्क्युलेटर नसताना वर्गमूळ

बेरीज हाताने होते, पण वर्गमुळाशी आले की पेन थांबते. त्यासाठी एक सोपी युक्ती पुरते. मिळालेल्या संख्येच्या सर्वात जवळचा पूर्ण वर्ग शोधा, फरक काढा आणि तो फरक त्या पूर्ण संख्येच्या दुपटीने भागा.

२३ × ३५ फुटांचा आयत घ्या. ५२९ + १२२५ = १७५४. ४२ चा वर्ग १७६४. आपली संख्या त्याच्यापेक्षा १० ने कमी आहे. १० ला ८४ ने भागले की ०.११९. ४२ मधून वजा केले की ४१.८८१ फूट. खरे उत्तर ४१.८८०८ आहे, म्हणजे फरक टेपवर दिसणारही नाही. ४१.८८१ म्हणजे ४१ फूट १० इंच साडेचार सूत. संख्या पूर्ण वर्गापेक्षा जास्त असेल तर भागाकार मिळवायचा, कमी असेल तर वजा करायचा. जवळचा वर्गच घ्यायचा हे मात्र पक्के लक्षात ठेवा. इथे ४२ ऐवजी ४१ घेतले असते (वर्ग १६८१, फरक ७३), तर ७३ ÷ ८२ = ०.८९ येऊन उत्तर ४१.८९ झाले असते, म्हणजे एक सूत जास्त.

एक बाजू दुसरीपेक्षा खूप लहान असेल तर वर्गमूळही लागत नाही. आखूड बाजूच्या वर्गाला लांब बाजूच्या दुपटीने भागा आणि लांब बाजूत मिळवा. ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल कपाटासाठी ५७६ ÷ १६८ = ३.४३, म्हणून कर्ण सुमारे ८७.४ इंच.

चौरसाचा कर्ण: दर फुटाला १७ इंच

चौरसात दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे कर्ण म्हणजे बाजू गुणिले १.४१४. पण फूट-इंचांत काम करणाऱ्याला याहून सुबक रीत उपलब्ध आहे, आणि ती अडीच हजार वर्षांहून जुन्या शुल्बसूत्रांतली आहे. यज्ञवेदी दोरीने आखायची, विटांनी बांधायची आणि तिचे क्षेत्रफळ ठरलेले असायचे. त्यामुळे त्या लोकांना कर्णाचे माप अचूक हवे होते. शुल्बसूत्रकार बौधायनाने चौरसाच्या कर्णासाठी दिलेली रीत अशी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करा.

हे एका फुटाला लावून पाहा. १२ इंच, अधिक तिसरा भाग ४ इंच, अधिक त्याचा चौथा भाग १ इंच. झाले १७ इंच. वजा १ इंचाचा चौतिसावा भाग. म्हणजे व्यवहारात नियम असा: बाजू जितके फूट, तितक्या वेळा १७ इंच घ्या आणि दर ३४ फुटांमागे १ इंच कमी करा.

चौरस गुंठ्यावर हा नियम फारच छान बसतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि तुकडा अगदी चौरस असेल तर प्रत्येक बाजू ३३ फूट. ३३ × १७ = ५६१ इंच. ३३ फूट म्हणजे जवळजवळ ३४ च, म्हणून १ इंच वजा. ५६० इंच, म्हणजे ४६ फूट ८ इंच. कॅल्क्युलेटरवर ४६ फूट ८.०३ इंच येते. चौतिसाव्या भागाचा हिशोब काटेकोर धरला, तर ३३ फुटांच्या बाजूवर या रीतीतली चूक इंचाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. १२ × १२ च्या खोलीसाठी १२ × १७ = २०४ इंच, वजा एका इंचाचा सुमारे तिसरा भाग, म्हणजे १७ फुटांना ३ सूत कमी. वजाबाकी विसरून कुणी १७ फूटच धरले, तर खोली गुण्यात असूनही टेप ३ सूत कमी दाखवेल आणि बरोबर भिंत हलवली जाईल.

उलटे विचारले, म्हणजे कर्ण माहीत आहे आणि चौरसाची बाजू हवी आहे, तर कर्ण गुणिले ०.७०७. १२ इंच व्यासाच्या गोल ओंडक्यातून जास्तीत जास्त केवढी चौरस तुळई निघेल? ओंडक्याचा व्यास हाच तिचा कर्ण, म्हणून १२ × ०.७०७ = ८.४८, साडेआठ इंचांना किंचित कमी. करवतीची झीज आणि साल यांत आणखी जाते, तेव्हा सव्वाआठच धरावी.

टेप कसा धरायचा

कर्ण हे आखणीतले सर्वात लांब माप, त्यामुळे टेपची प्रत्येक चूक इथे सर्वात मोठी होते. ५० फुटांवर टेप मध्ये ६ इंच झोळला तर माप सव्वा सूत जास्त येते, फूटभर झोळला तर ५ सूत जास्त. झोळ दुप्पट झाला की चूक चौपट होते, म्हणून थोडासा झोळ चालतो आणि जास्त अजिबात चालत नाही. मधे एखादी वीट किंवा माणसाचा हात आधाराला द्यावा, पण टेप वर उचलला जाणार नाही असा.

कापडी किंवा फायबरचा टेप ओढला की ताणतो. एक कर्ण एका माणसाने जोरात ओढून मोजला आणि दुसरा दुसऱ्याने हलक्या हाताने, तर चौकट बरोबर असूनही फरक दिसेल. शक्यतो स्टीलचा टेप घ्या आणि सगळी मापे एकाच टेपने घ्या. बाजू एका टेपने आणि कर्ण दुसऱ्याने मोजू नका. टेपच्या टोकाचा आकडा (हूक) थोडा हलतो, तो सैल झाला म्हणून ठोकून घट्ट करू नका. आत टेकवून आणि बाहेर अडकवून घेतलेल्या मापांत त्याच्या स्वतःच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. टोक वाकलेले असेल तर १ फुटाच्या खुणेपासून मोजतात. ते चांगलेच, पण मग वाचलेल्या आकड्यातून एक फूट वजा करायचे असते, आणि टेप वाचणाऱ्याला ते मोठ्याने सांगावे लागते.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकून मोजू नका. ४० फुटांत ३ फुटांचा उतार असेल, तर जमिनीवरचे ४० फूट म्हणजे आडवे ३९ फूट १०.६५ इंच. जवळजवळ दीड इंच गेला. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही टोकांना सारखी उंची काढून टेप आडवा धरावा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडावा.

खुंटीच्या डोक्यावर खिळा ठोका आणि माप नेहमी त्या खिळ्यापासून घ्या. दोन इंच जाडीच्या खुंटीच्या कडेपासून घेतलेले माप कोणत्या कडेचे हे संध्याकाळपर्यंत कुणाच्याही लक्षात राहत नाही.

आखणी: तीन मापांत कोपरा, चौथ्याने पडताळा

वरचीच २२ फूट ६ इंच × ३१ फुटांची चौकट आखू. रस्त्याकडची ओळ आधी नक्की करा आणि तिच्यावर २२ फूट ६ इंच अंतराने दोन खिळे घ्या. डावा खिळा अ, उजवा ब. आता एक टेप अ वर धरून ३१ फुटांवर, दुसरा ब वर धरून ३८ फूट ३ इंच ५ सुतांवर पकडा आणि मागच्या बाजूला दोन्ही खुणा जिथे जुळतील तिथे खुंटी ठोका. हा अ च्या मागचा कोपरा. मग टेपांची अदलाबदल: ब वरून ३१ फूट, अ वरून कर्ण. हा ब च्या मागचा कोपरा.

आता पडताळा. पुष्कळ जण इथे पुन्हा दोन्ही कर्ण मोजतात, ते सारखे येतात आणि सगळे खूश होतात. पण कर्ण आपणच सारखे घेऊन कोपरे लावले होते, ते सारखे येणारच. जे माप आपण घेतलेच नव्हते ते तपासायला हवे, म्हणजे मागच्या दोन खुंट्यांमधले अंतर. ते २२ फूट ६ इंच आले तर चौकट बरोबर. जास्त किंवा कमी आले तर कर्णाचा हिशोब चुकला आहे किंवा टेप नीट धरलेला नव्हता.

खुंट्या खोदाईच्या बाहेर, किमान तीन-चार फूट लांब, बाजूंच्या रेषेत वाढवून ठेवा आणि मगच फक्की (खुणेची पांढरी पूड) मारा. चर खणताना कोपऱ्यावरची खुंटी उडतेच.

मैदान आखताना रीत हीच. बॅडमिंटनचे पूर्ण कोर्ट १३.४० × ६.१० मीटर असते. १७९.५६ + ३७.२१ = २१६.७७, वर्गमूळ १४.७२३ मीटर, आणि खेळाच्या नियमांतल्या आकृतीतही कर्ण हाच दिलेला आहे. १३ × १० मीटरच्या कबड्डी मैदानाचा कर्ण १६.४० मीटर.

कर्ण सारखे, तरीही चौकट चुकीची

दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे आयत झाला, हा समज अर्धवट आहे. पुढची बाजू ३० फूट, मागची चुकून २९ फूट, बाजूच्या दोन्ही ४० फूट, असा चौकोन घ्या. मागची बाजू दोन्हीकडून अर्धा अर्धा फूट आत आली आहे. याचे दोन्ही कर्ण अगदी सारखे येतात: प्रत्येकी ४९ फूट ८ इंच ३ सूत. कर्ण सारखे आहेत म्हणून काम पुढे नेले, तर दोन्ही बाजूच्या भिंती आत झुकलेल्या निघतील. आयतासाठी दोन अटी लागतात: समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे. एकच अट पाहून भागत नाही. कर्णाचा हिशोबी आकडा आधी काढायचा तो याचसाठी. ५० ऐवजी दोन्हीकडे ४९ फूट ८ इंच आले की शंका तिथेच येते.

बाजू बरोबर आहेत आणि कर्णांत फरक आहे, तर चौकट एका अंगाला कलली आहे. लांब कर्ण आखूड होईल अशा दिशेने मागची बाजू तिच्याच रेषेत सरकवायची. किती? कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले सरकवायच्या बाजूची दुप्पट. ३० × ४० मध्ये कर्णांत १ इंच फरक असेल आणि ४० फुटांची बाजू सरकवायची असेल, तर १ × ५० ÷ ८० = ०.६२५ इंच, म्हणजे बरोबर ५ सूत. अंदाजाने फरकाच्या निम्मे, म्हणजे ४ सूत, सरकवले तर कोपरा पूर्ण गुण्यात येत नाही. चौरसात फरकाच्या ०.७ पट सरकवायचे असते. मग कर्ण पुन्हा मोजा.

३० × ४० च्या घराला पायाच्या वेळी २ सुतांचा फरक आम्ही चालवून घेऊ. अर्ध्या इंचाच्या वर गेला तर चर खणू नये. पायात वाचवलेली पंधरा मिनिटे फरशीच्या वेळी भरून द्यावी लागतात. खोली एका इंचाने तिरकी असली की शेवटच्या ओळीची पट्टी एका टोकाला ४ इंच आणि दुसऱ्या टोकाला ३ इंच कापावी लागते, आणि ती निमुळती पट्टी दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. स्वयंपाकघरात ओट्याचा सरळ कापलेला ग्रॅनाइट भिंतीला एका टोकाला टेकतो आणि दुसऱ्या टोकाला फट सोडतो.

३-४-५ लहान घेऊ नका

गवंड्यांना ३-४-५ तोंडपाठ असते: एका ओळीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, मधले अंतर ५ फूट आले की काटकोन. हे शंभर टक्के खरे आहे, पण एवढ्या छोट्या त्रिकोणावरून ४० फुटांची भिंत काढणे धोक्याचे. ५ फुटांच्या मापात २ सुतांची चूक झाली तर कोपरा अर्ध्या अंशाने फिरतो आणि ४० फुटांवर भिंत चार इंचांहून जास्त बाहेर जाते. तेच ९-१२-१५ घेतले तर तेवढ्याच चुकीने १ इंच ३ सूत, आणि ३०-४०-५० घेतले तर अर्ध्या इंचाहून कमी. जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. लोखंडी गुण्या दोन फुटांचा असतो. तो खिडकीच्या चौकटीला ठीक आहे, पायाच्या आखणीला नाही.

३-४-५ खेरीज इतरही सोयीचे पूर्ण आकडे आहेत: ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५, १२-३५-३७. बौधायनाच्या यादीत या सगळ्या जोड्या आहेत. अरुंद, लांब जागेत ७-२४-२५ उपयोगी पडते, बोळासारख्या प्लॉटला १२-३५-३७.

कपाट, लिफ्ट, टीव्ही

वर काढलेले कपाट, ७ फूट उंच आणि २ फूट खोल, जमिनीवर आडवे जोडून मग उभे करायचे असेल तर त्याला छतापर्यंत ७ फूट पुरत नाहीत. उभे होताना ते कर्णावर फिरते: ७ फूट ३ इंच ३ सूत. लॉफ्टच्या खाली ७ फूट ३ इंच जागा असेल, तर उभे कपाट आरामात मावते, पण तिथे उभे करता येत नाही. लॉफ्टच्या बाहेर उभे करून मग आत सरकवावे लागते.

लांब वस्तू लिफ्टमध्ये मावेल का, यासाठी तीन मापांचे वर्ग घ्यायचे. ४ फूट × साडेचार फूट × ७ फूट उंचीच्या लिफ्टसाठी १६ + २०.२५ + ४९ = ८५.२५, वर्गमूळ सुमारे ९.२३. तिरका धरला तरी १० फुटी पाइप जाणार नाही, जिन्यानेच न्यावा लागेल.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. आजच्या टीव्हींचे प्रमाण १६ : ९ असते, म्हणून रुंदी कर्णाच्या ०.८७२ पट आणि उंची ०.४९ पट. ५५ इंची पडदा सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. कोनाड्याचे माप याच्याशी ताडून पाहा आणि कडेची पट्टी व हवेसाठी जागा वेगळी धरा.

वेडावाकडा प्लॉट

गावठाणातले किंवा वाटणीत आलेले प्लॉट क्वचितच आयत असतात. अशा वेळी चारही बाजू मोजून समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि गुणाकाराला क्षेत्रफळ म्हणतात. हा आकडा खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी येत नाही, आयत सोडून बाकी सगळीकडे जास्तच येतो. विकत घेणाऱ्याचे त्यात नुकसान होते. चार बाजूंनी चौकोनाचा आकार पक्का होत नाही, एक कर्ण मोजलाच पाहिजे. तो मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ तीन बाजूंवरून निघते: तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करा, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, मिळालेल्या तीन संख्या आणि ते निम्मे यांचा गुणाकार करा, त्याचे वर्गमूळ घ्या.

बाजू ४०, ३०, ४०, ३० आणि कर्ण मोजल्यावर ५० ऐवजी ४५ आला, असे समजा. ४० + ३० + ४५ = ११५, निम्मे ५७.५. वजाबाक्या १७.५, २७.५ आणि १२.५. चौघांचा गुणाकार सुमारे ३,४५,८९८, वर्गमूळ ५८८.१. दोन त्रिकोण सारखेच, म्हणून एकूण १,१७६ चौरस फूट. बाजूंच्या गुणाकाराने १,२०० आले असते. खरेदीखतात १,२०० लिहिले जाण्याआधी दुसरा कर्णही मोजून घ्या. या मापांना तो ५४ फूट ६ इंचांच्या आसपास यायला हवा. तसा आला नाही, तर पाचपैकी एखादी लांबी चुकीची मोजली गेली आहे, आणि ती सापडेपर्यंत क्षेत्रफळाचा आकडा कागदावर येऊ देऊ नये.